रणथंभोर ते सम : हलाल भोजनाची सोय पाहून आखलेली कौटुंबिक सहल

दिवाळीच्या सुटीला दोन-तीन महिने उरले की महाराष्ट्रातील शहरांत राजस्थानच्या सहलींचे बेत शिजू लागतात. वाघ आणि वाळवंट एकाच राज्यात, एकाच सुटीत पाहता यावेत, अशी सोय देशात अन्यत्र क्वचितच आढळते. सवाई माधोपूरजवळचे रणथंभोर आणि जैसलमेरच्या पश्चिमेस असलेल्या समच्या वाळूच्या टेकड्या यांच्यात रस्त्याने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. वाटेत जयपूर, अजमेर, जोधपूर ही शहरे लागतात. आठ-नऊ दिवसांत ही सहल आजी-आजोबांसह आणि मुलांसह फारशी दगदग न होता पार पडू शकते.

ज्या घरांत हलाल भोजनाचा नियम कसोशीने पाळला जातो, तेथे मात्र हॉटेलचे भाडे आणि गाडीची आसने यांच्या आधी जेवणाचा प्रश्न उभा राहतो. अनेक कुटुंबे तो प्रवासाला निघाल्यावर, उपाहारगृहाच्या टेबलावर बसल्यानंतर सोडवू पाहतात आणि फसतात. भुकेलेली मुले, थकलेले वडीलधारे आणि उत्तर टाळणारा वाढपी अशा वेळी घेतलेला निर्णय पुढे दिवसभर मनाला टोचत राहतो. हा प्रश्न घरी, दूरध्वनीवर आणि सहल ठरवतानाच सोडवावा लागतो.

हलाल म्हणजे केवळ डुकराचे मांस व मद्य वर्ज्य, अशी एक ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात प्राणी वा पक्षी स्वतः खाण्यास अनुमत असला तरी तो अल्लाहचे नाव घेऊन, धारदार सुरीने गळ्याच्या नसा कापून जिबह केलेला असावा लागतो आणि त्याचे रक्त वाहून गेलेले असावे लागते. मासळीला जिबह करावे लागत नाही. पण राजस्थानच्या या भागात मासळीवर विसंबून राहता येत नाही, हे कोकणातून निघालेल्या कुटुंबांनी आधीच मनाशी धरावे. याखेरीज स्वयंपाकघराचा प्रश्न उरतो. एकाच तंदुरात हलाल नसलेली कोंबडी आणि नान भाजले जात असतील, एकाच कढईत दोन्ही तळले जात असतील, तर 'शाकाहारी' म्हणून मागवलेला पदार्थही काटेकोर घरांना चालत नाही. प्रत्येक कुटुंबाची सीमारेषा वेगळी असते. ती सोबतच्या मंडळींनी निघण्यापूर्वी आपसांत ठरवून घेतलेली बरी. विशेषतः दोन-तीन कुटुंबे मिळून जात असतील तेव्हा.

राजस्थानात या बाबतीत एक खास अडचण आहे. मुंबई, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, किंवा हैदराबाद येथे उपाहारगृहातील मटण बहुधा हलाल असते, असे गृहीत धरण्याची सवय लागलेली असते. राजस्थानात ते गृहीतक चालत नाही. राजपूत घराण्यांत एका घावात प्राणी मारण्याची, म्हणजे झटक्याची, परंपरा जुनी आहे, आणि 'शाही' वा 'रजवाडी' म्हणून मिरवणाऱ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत ती आजही आढळते. मथानियाच्या लाल मिरचीत शिजणारे 'लाल मांस' हा तेथील मानाचा पदार्थ; पण ताटात आलेले मांस कोणत्या रीतीचे, हे त्याच्या रंगावरून कळत नाही. याउलट लहान गावांतील खाटीक व कोंबडीविक्रेते अनेकदा मुस्लिम असतात, त्यामुळे साध्या ढाब्यावर हलाल मांस मिळते आणि तारांकित हॉटेलात मिळत नाही, असेही घडते.

दुसरीकडे जैन, माहेश्वरी व ब्राह्मण समाजांनी जोपासलेली शाकाहारी पाकपरंपरा या राज्यात इतकी समृद्ध आहे की, केवळ शाकाहारी पदार्थ करणारे भोजनालय प्रत्येक गावात सापडतेच. ज्या स्वयंपाकघरात मांस शिरतच नाही तेथे भांड्यांची शंका उरत नाही. एखादे दिवशीचे मटण हुकले तरी चालेल, परंतु शंकेचा घास नको, अशी भूमिका घेणाऱ्या कुटुंबाला राजस्थानइतका सोयीचा प्रदेश शोधून सापडणार नाही.

आता आरक्षण करताना विचारायच्या प्रश्नाविषयी. "तुमच्याकडे हलाल मिळते का?" या प्रश्नाला हॉटेलचा माणूस 'हो' म्हणतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. पाहुण्याला नकार देऊ नये, ही तेथील रीत आहे, आणि उत्तर देणाऱ्या स्वागतकक्षातील तरुणाला स्वयंपाकघरातले फारसे ठाऊकही नसते. म्हणून 'हो' वा 'नाही' असे उत्तर देता येणार नाही, असे प्रश्न विचारावेत. मटण कोणत्या दुकानातून येते? कोंबडी ताजी कापून आणतात की गोठवलेली? आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात शिजवता येईल का, आणि त्यासाठी किती तास आधी सांगावे लागेल? हे प्रश्न शक्य असल्यास थेट आचाऱ्याला विचारावेत. जो आचारी दुकानदाराचे नाव सांगतो, त्याच्या शब्दावर भरवसा ठेवण्यास जागा असते. जो "सब मिल जाएगा, साहब" म्हणून फोन ठेवतो, त्याच्याकडे डाळ-भात मागवावा. ठरलेली गोष्ट लेखी संदेशाद्वारे कळवून ठेवावी. पोहोचेपर्यंत पाळी बदललेली असते आणि फोनवर बोललेला माणूस सुटीवर गेलेला असतो.

रणथंभोर : पहाटेची वेळ

सवाई माधोपूर हे मुंबई-दिल्ली लोहमार्गावरील जंक्शन असल्याने मुंबईकरांना येथे थेट उतरता येते. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनक्षेत्रांत रणथंभोर होते. १९८० मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. धोक वृक्षांचे कोरडे जंगल, पदम तलाव व राजबाग यांसारखे जलाशय आणि त्यांवर पहारा देत उभा असलेला किल्ला, हे दृश्य वाघ न दिसताही पैसे वसूल करणारे आहे. हे सांगणे आवश्यक, कारण वाघ दिसेलच, अशी हमी कोणी देत असेल तर ती खोटी समजावी.

उद्यानाचे दहा विभाग असून पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या काळात, मुख्य विभाग बंद असतात. सहा आसनांची जिप्सी व वीस आसनांची कॅन्टर अशी दोन वाहने असतात. जिप्सीची आसने दिवाळी-नाताळात फार आधी संपतात, म्हणून वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर तारीख ठरताच आरक्षण करावे. आरक्षणाच्या वेळी दिलेले ओळखपत्रच प्रवेशद्वारावर मूळ स्वरूपात दाखवावे लागते. आखाती देशांतून आलेले नातलग सोबत असतील, तर परदेशी नागरिकांचे शुल्क निराळे असते आणि त्यांना पारपत्र बाळगावे लागते.

सकाळची व दुपारनंतरची अशा दोन फेऱ्या होतात; प्रत्येक फेरी साधारण साडेतीन तासांची. या वेळांचा आणि नमाजाच्या वेळांचा मेळ घालणे, हा या टप्प्यावरचा खरा हिशेब होय. जानेवारीत येथे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तर जिप्सी त्यापूर्वीच हॉटेलांतून पर्यटकांना घेऊ लागते. त्यामुळे फज्रची नमाज खोलीतच उरकून निघावे. वाटेत कोठे तरी पढू, असे ठरवल्यास वेळ निघून जाते. उद्यानात वाहनातून खाली उतरण्यास मनाई असते. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या जेमतेम आधी संपते. कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे असल्याने प्रवासात जुहर व असर एकत्र पढण्याची मुभा ते घेऊ शकतात. हनफी पंथीयांना सर्वसाधारणपणे ती नसते. त्यांनी परतताना प्रवेशद्वाराबाहेर थांबण्याविषयी चालकाशी आधीच बोलून ठेवावे. चालकांना ही विनंती नवी नसते. प्रवासातील कस्र आणि मुक्कामाच्या दिवसांची गणना यांविषयी मात्र आपल्या आलिमांचा सल्ला घेऊनच निघावे.

हिवाळ्यात उघड्या जिप्सीत पहाटेची थंडी अंगाला झोंबते. मुलांना कानटोपी व हातमोजे हवेतच. न्याहारी फेरीनंतर होत असल्याने निघण्यापूर्वी खजूर, दूध, बिस्किटे असे काही पोटात असावे. बंद पाकिटातील जिन्नस निवडताना हिरव्या ठिपक्याची खूण उपयोगी पडते. ती हलालची खूण नव्हे, परंतु त्यात प्राणिज जिलेटिन वा चरबी नाही, एवढी खात्री तिच्यामुळे मिळते. मद्यार्कयुक्त स्वाद आहे की काय, हे पाहणाऱ्यांनी घटकांची यादीही वाचावी.

किल्ल्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. त्रिनेत्र गणेशाच्या दर्शनासाठी येथे वर्षभर रीघ असते. दिल्लीच्या सुलतानाविरुद्ध बंड केलेल्या मुहम्मदशाह या नवमुस्लिम मंगोल सरदाराला राणा हम्मीरदेवाने याच किल्ल्यात आश्रय दिला होता. त्याला स्वाधीन करण्यास नकार दिल्याने अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला आणि १३०१ मध्ये किल्ला पडला. मुहम्मदशाह शेवटपर्यंत हम्मीरच्या बाजूने लढला. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यात रणथंभोरही आहे.

टोंकच्या वाटेने

सवाई माधोपूरहून जयपूरला जाताना टोंकवरून जाणारा रस्ता निवडावा. राजपुतान्यातील हे एकमेव मुस्लिम संस्थान. त्याचा संस्थापक अमीरखान हा यशवंतराव होळकरांचा साथीदार. १८१७ मध्ये इंग्रजांशी तह करून तो नवाब म्हणून स्थिरावला. मराठ्यांच्या इतिहासाची पाने चाळलेल्यांना हे नाव परिचित असते, पण त्याचे गाव पाहायला फारसे कोणी थांबत नाही. टोंकची सुनहरी कोठी आणि अरबी-फारसी हस्तलिखितांची संशोधन संस्था अवश्य पाहावी. मुस्लिम वस्ती मोठी असल्याने हलाल जेवणासाठी येथे फार शोधाशोध करावी लागत नाही. सहलीतील पहिले निश्चिंत मटण येथे मिळते, असे म्हणण्यास हरकत नाही.

जयपुरात रामगंज बाजाराच्या परिसरात हीच सोय आहे. हवामहालापासून तो दूर नाही. स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेतल्यास येथून मटण आणून घरीच शिजवता येते. मात्र कच्चे मांस गाडीत ठेवून पुढच्या गावाला नेऊ नये. उन्हाने ते खराब होते, हे एक कारण. आणि महामार्गावर नाहक चौकशीचा प्रसंग ओढवू शकतो, हे दुसरे. दोन्ही कारणे पुरेशी आहेत. गांधी जयंती, महावीर जयंती अशा दिवशी मांसविक्री बंद असते, हेही दिनदर्शिकेत पाहून ठेवावे.

अजमेरला ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात अकबराने दिलेली मोठी व जहांगीराने दिलेली लहान अशा दोन देगा आहेत. त्यांत शिजणारा तबर्रुक तांदूळ, साखर, तूप व सुक्या मेव्याचा असतो. त्यात मांस नसते. सर्वधर्मीय भाविकांना तो घेता यावा, ही त्यामागची दृष्टी. रज्जब महिन्यातील उरुसाच्या काळात शहरात खोली मिळणे दुरापास्त होते. चांद्र पंचांगामुळे हा उरूस सध्या डिसेंबरच्या आसपास येतो, म्हणजे नेमका पर्यटनाच्या ऐन हंगामात. शेजारच्या पुष्करमध्ये मांस, अंडी आणि मद्य या तिन्हींना बंदी असल्याने तेथे जेवणाविषयी विचारपूस करण्याची वेळच येत नाही.

जोधपूरला मेहरानगड किल्ला आणि मिरची वडा, मावा कचोरी, मखनिया लस्सी यांत एक दिवस सहज जातो. परिसरातील बिश्नोई गावांत चिंकारा व काळवीट अगदी जवळून दिसतात. येथे जीपची छोटी सफर होते आणि ती मुलांना रणथंभोरहून अधिक आवडल्यास नवल नाही, कारण येथे प्राणी हमखास दिसतात. प्राण्यांना व झाडांना जपणाऱ्या या समाजाच्या गावात डब्यातून मांसाहारी पदार्थ नेऊ नयेत.

वाळूतील मुक्काम

जोधपूरहून जैसलमेर रस्त्याने वा रेल्वेने पाच-सहा तासांवर आहे. रावल जैसलने ११५६ मध्ये वसवलेल्या या नगराच्या किल्ल्यात आजही लोक राहतात. किल्ल्यातील उपाहारगृहे बरीचशी शाकाहारी आहेत. येथील घोटुवां लाडू मुलांना द्यावेत.

गावापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सम. येथे तंबूंच्या छावण्यांची मोठी रांग लागलेली दिसते. उंटाची फेरी, संध्याकाळचे लोकसंगीत, रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी असा एकत्रित सौदा येथे होतो, आणि हलालचा प्रश्न सर्वांत बिकट येथेच होतो. शंभर-दीडशे पाहुण्यांसाठी मांडलेल्या ओळीत एकच डाव मटणातून पनीरमध्ये जातो. शेजारच्या टेबलावर मद्य असते. ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीते सुरू झाली की वडीलधारी मंडळी तंबूत जाऊन बसतात. ज्यांना शांतता हवी, त्यांनी जैसलमेरच्या नैर्ऋत्येकडील खुरी गावाचा विचार करावा. तेथे छोट्या, घरगुती निवासांत राहता येते आणि चुलीजवळ बसून स्वयंपाक कसा चालला आहे, हे पाहताही येते. समलाच राहायचे असेल तर केवळ शाकाहारी जेवण देणारी छावणी शोधावी, किंवा कुटुंबापुरते ताट वेगळे वाढून आणण्याचे आधी ठरवावे.

गमतीची गोष्ट अशी की, ज्या वाळवंटात हलाल मिळेल की नाही याची चिंता करत कुटुंब येते, तेथील उंटवाल्यांपैकी अनेकजण आणि आसपासच्या ढाण्यांतील पुष्कळ रहिवासी सिंधी मुस्लिम आहेत. संध्याकाळी कमायचा व खडताल वाजवणारे मांगणियार कलावंतही मुस्लिमच. त्यांचे यजमान मात्र पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने राजपूत. यजमानांच्या घरच्या जन्म-विवाहात तेच गातात आणि कृष्णाची भजनेही त्याच गळ्यातून येतात. कमायचावादक साकर खान यांना २०१२ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले होते. छावणीच्या व्यवस्थापकाला मटणाविषयी काही सांगता येत नसेल, तर उंटवाल्याला विचारावे. कोणत्या गावात कोण जिबह करतो, हे त्याला ठाऊक असते, आणि एक दिवस आधी सांगितल्यास बाजरीच्या भाकरीसह जेवणाची सोय कोणाच्या घरी होऊ शकेल, हेही तोच सांगतो. त्याचा मोबदला मात्र आधी ठरवून द्यावा. आतिथ्याचा फायदा घेऊ नये.

सूर्यास्ताला समच्या टेकड्यांवर शेकडो लोक पश्चिमेकडे तोंड करून बसलेले असतात. येथून किब्लाही जवळजवळ पश्चिमेलाच, किंचित दक्षिणेकडे झुकलेला. गर्दीपासून थोडे दूर चटई अंथरली की मगरिबसाठी याहून मोकळी जागा शोधावी लागत नाही. समोर वाळू आहे म्हणून तयम्मुम करण्याचा मोह काहींना होतो. परंतु पाणी उपलब्ध असताना तो चालत नाही, आणि छावणीत पाणी असते. पाण्याची बाटली सोबत ठेवून वजू करावा. सूर्य येथे सवाई माधोपूरपेक्षा सुमारे २२ मिनिटे उशिरा मावळतो. तेथील वेळापत्रक घेऊन आलेल्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

समच्या परिसरातच ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. राज्यपक्षी गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य राखले गेले आणि जो तेथून जवळजवळ दिसेनासा झाला, तो पक्षी आता प्रामुख्याने येथेच उरला आहे. परवानगी घेऊन पहाटे जीपने गेल्यास तो दिसण्याची शक्यता असते.

हंगामाविषयी आणखी एक सूचना. मे महिन्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, पण त्याच महिन्यात जैसलमेरची वाळू पाय ठेवू देत नाही. तेव्हा दोन्ही एकत्र पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. मात्र रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. प्रवाशाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे, तरी मौजेच्या सहलीसाठी ती घेणे अनेक घरांना रुचत नाही. अशांनी पुढील काही वर्षे नोव्हेंबर-डिसेंबरच धरावा.

परतीच्या रेल्वेप्रवासात शाकाहारी जेवण मागवणे सोयीचे. जैसलमेरच्या बाजारातून वाळवलेली केर-सांगरी आणण्यास विसरू नये. सांगरी म्हणजे खेजडीच्या, अर्थात आपल्या शमीच्या, शेंगा. दुकानदार देताना सांगतो तसे केर ताकात भिजत घालावे, नाही तर कडवटपणा जात नाही. सांगरीला रात्रभर साधे पाणी पुरते.